मागे उभं राहण्याचा हंगाम

पुण्याच्या कडेला, मांजरीत, ऊसतोड सुरू झाली की आमच्या गॅलरीत काळं पडतं. तुटलेल्या फडात पाचट पेटवतात आणि त्याची राख चौथ्या मजल्यापर्यंत पत्ता विचारत विचारत आल्यासारखी येते. लांबट, हलकी, चिमटीत धरायला गेलं की मोडणारी. पांढऱ्या कपड्यांवर तिचा विशेष लोभ. आज सकाळी ती नवऱ्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर बरोबर खिशाच्या जागी येऊन बसली होती. मी ती फुंकून उडवली नाही. जरा वेळ बघत राहिले.

उसाचा हंगाम आला म्हणजे माझाही आला. मी त्रेपन्न वर्षांची बाई. शाळेत भूगोल शिकवते, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता संगणकासमोर बसून राक्षस मारते. ही गोष्ट मी अजिबात लपवत नाही. उलट लोकांचे चेहरे बघायला मिळतात म्हणून मुद्दाम सांगते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला होता. असं दृश्य पदरात पडत असेल तर माणसाने राक्षस का मारू नयेत?

त्या खेळातही हंगाम असतात. काही महिने झाले की जुनी सगळी कमाई पुसून टाकतात, नवा राक्षस आणून बसवतात, आणि पडद्यावर पहिल्याच दिवशी एक प्रश्न येतो: या वेळी तुम्ही कोण? खाली चित्रांची रांग. एकदा बोट ठेवलं की हंगाम संपेपर्यंत तेच. बदल नाही, तक्रार नाही. लग्नातसुद्धा इतकी कडक अट नसते.

आज तो प्रश्न पडद्यावर उघडा आहे आणि मी मघापासून त्याच्यासमोर बसून आहे. राख येतेच आहे.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ जणांनी मिळून एका मोठ्या राक्षसावर धाड घालायची. आठही जण आपापल्या घरी, कानात हेडफोन, तोंडासमोर माइक. या आठांत तीन जातींची माणसं लागतात. एक मार खाणारा, एक मलम लावणारा आणि उरलेले मार देणारे. मार खाणाऱ्याने ढाल घेऊन राक्षसाचं लक्ष स्वतःवर ओढून घ्यायचं. मलम लावणारा म्हणजे वैद्य. त्याने मागे उभं राहून सगळ्यांच्या जखमा भरायच्या. आणि मार देणाऱ्यांनी मार द्यायचा. मी कुठल्या जातीची हे सांगायची गरज नाही.

पण मार देणाऱ्यांतही प्रकार आहेत, आणि खरी मजा तिथेच. धनुष्यवाला लांबून बाण मारतो, सुरक्षित, शहाणा, एलआयसी एजंटासारखा. जादूगार हातवारे फार करतो आणि फुंकर मारली तरी मरतो. आणि दोन तलवारींची बाई. अहाहा. ती उडी मारूनच प्रवेश करते. राक्षसाच्या थेट पायाशी उभी राहून दोन्ही हातांनी कापत सुटते, आणि प्रत्येक घावाला पडद्यावर पिवळे आकडे उडतात. धाड संपली की कुणी किती मार दिला याची यादी लागते. गेल्या हिवाळ्यात त्या यादीत दोन तलवारींची बाई सगळ्यांच्या वर असायची.

गेल्या हिवाळ्यात. तिथेच तर जायचं आहे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अमोल राहतो. वर्ध्याचा. खराडीच्या एका कंपनीत कामाला, आई-वडील गावी, बोलणं मोकळं आणि दणदणीत. तो आमच्या टोळीचा मार खाणारा आणि म्होरक्या. मला या खेळात ओढणारा तोच. मागच्या कार्तिकात लिफ्टमध्ये मला म्हणाला, “ताई, हंगामाला दोन माणसं कमी पडून राहिली. एक तर तुम्ही आहातच. एखादा वैद्य आणा नं कुठून तरी.”

वैद्य माझ्याकडे होता. माझा दादा.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत तो आणि वहिनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि त्यानंतर एकेक गोष्ट सोडत गेला. आधी स्कूटर सोडली. म्हणाला, रस्त्यावर जनावरं गाड्या चालवतात. मग वर्तमानपत्र बंद केलं. म्हणाला, त्यात असतं काय? मग संध्याकाळचं नदीकाठचं फिरणं. म्हणाला, फुटपाथ पालिकेने फक्त कागदावर बांधलेत. आम्ही माना डोलावल्या. वाक्यं सगळी खरीच होती, आणि पेठेतल्या कुठल्याही ओट्यावर रोज ऐकू येतील अशी होती. आमच्या घरात तक्रार हा काही सांगण्याचा प्रकार नाही, ती बोलण्याची चाल आहे. भाजी कशी झाली असं विचारलं तर ‘खाल्ली’ असं उत्तर मिळतं. अशा घरात कुणी खरोखरच तक्रार करत असेल, तर ती ऐकायची कुठल्या कानाने?

मी त्याला खेळ शिकवायला गेले तेव्हा वाटलं होतं, पहिल्या पाच मिनिटांत हाकलून देईल. पण तो रमला. वैद्य त्याला शोभायचा. कमी बोलणारा, कुणाला किती लागलंय ते मोजणारा, मलम लावून वर खोचक बोलणारा. माइकवर त्याचा आवाज यायचा, “हे तिसऱ्यांदा मरतायत. यांना हौस आहे.” पोरं त्याच्यावर फिदा.

एक सवय मात्र गमतीची होती. पडद्यावरचा वैद्य उजवीकडे न्यायचा असेल तर दादा स्वतः खुर्चीत उजवीकडे झुकायचा. डावीकडे न्यायचा असेल तर डावीकडे. वहिनी म्हणायची, “अहो, एक दिवस कोसळाल.” तो म्हणायचा, “कोसळलो तर वैद्य घरातच आहे.”

मार्गशीर्षातला एक रविवार. वहिनी मार्केट यार्डातून मटारची मोठी पिशवी घेऊन आली होती, आणि त्या घरात मटार आले की पाहुण्यांनाही सोलायला बसवतात. खिडकीतून ऊन येत होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. शेजाऱ्यांचं जुनं, कारण याने आपलं बंद केलेलं. शेंग फुटल्याचा तो हलका आवाज, कोवळ्या दाण्यांचा हिरवा, गोडसर वास, आणि समोर टेबलावर दादाचा संगणक आणि माझा लॅपटॉप उघडे. या वेळी तुम्ही कोण? चित्रांची रांग.

दादा वैद्यावर बोट ठेवून केव्हाच मोकळा झाला होता. माझं चाललं होतं नाटक. मी एकेका पात्राची वेशभूषा, चाल, संवाद करून दाखवत होते. जादूगारासाठी वहिनीचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. धनुष्यवाल्यासाठी दारामागे लपून मटारचा दाणा फेकला. वहिनी हसत होती. दादा खाली बघून सोलत होता. त्याच्या डाव्या बाजूला बरेच दाणे घरंगळून खुर्चीखाली गेले होते, आणि तो ते उचलत नव्हता. मी म्हटलं, टेलिफोन खात्याची पेन्शन चांगली दिसते, मटार उधळतोयस. त्याने हात डावीकडे नेला, जमीन चाचपली, दोन दाणे मिळाले, ते भांड्यात टाकले. मी तोवर दोन लाटणी घेऊन तलवारींच्या बाईचा प्रवेश सुरू केला होता.

तेव्हा तो म्हणाला, “वसू, तू धनुष्य घे.”

“का?”

“मागे उभी राहशील. माझ्याजवळ.”

“मागे उभं राहायला मी काय करवली आहे?”

वहिनी हसली. मग थांबली. आता आठवतं की ती मध्येच थांबली होती. दादा मटारकडे बघत म्हणाला, “बरं.”

दादाचं ‘बरं’ मी पन्नास वर्षं ऐकते आहे. ते दाराला आतून कडी घातल्यासारखं असतं. बाहेरच्याने काय समजायचं ते समजावं. मी दोन तलवारींवर बोट ठेवलं.

त्या हंगामाचा राक्षस होता राखेचा राजा. उंच, करडा, बोलला की तोंडातून धूर. त्याचा एकच वाईट गुण, तो जमिनीवर आग पेरायचा. आधी पायाखाली नारिंगी वर्तुळ उमटायचं, तीन मोजेपर्यंत त्यातून बाहेर पडायचं, नाही पडलं की खलास. पोरांना ते सोपं जायचं. मलाही. तलवारींची बाई उडी मारत बाहेर पडायची, आणि मी ती उडी जरा लांबवतच असे.

दादा मरायचा. दर रविवारी, वर्तुळात शांतपणे उभा राहून. वैद्य मेला की कुणाच्या जखमा भरत नाहीत, आणि मग एकेक करत सगळेच पडतात. “दादासाहेब, सरका नं,” अमोल ओरडायचा. दादा म्हणायचा, या कंपनीला रंगांची अक्कल नाही. कधी म्हणायचा, नेट गेलं होतं. कधी म्हणायचा, तुम्ही गोंगाट फार करता. आम्ही सगळे हसायचो. पेठेतला म्हातारा आगीतसुद्धा जागचा हलत नाही, असा विनोद आमच्या टोळीत रूढ झाला. कुणी रूढ केला? मीच.

आमची धाड चारला आणि दादाच्या घरी चहा साडेतीनला, म्हणून मी कधी कधी तिथूनच खेळायचे. माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, तो आतल्या खोलीत. भिंतीपलीकडून त्याची खुर्ची करकरायची. तो झुकत होता. आज कळतं की आग एका बाजूला असायची आणि तो दुसऱ्याच कशासाठी तरी झुकत असायचा, पण तेव्हा तो आवाज मला सुखाचा वाटायचा. भाऊ घरात आहे, खेळतो आहे, हिवाळ्याचं ऊन आहे. सुख असं नुसत्या आवाजावरून ओळखू नये.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीकडे बायकांनी आतली खोली भरली होती. बाहेरच्या खोलीत दादा आणि शेजारचे दोघे निवृत्त. मला कुणी तरी म्हटलं, वसूताई, तुमच्या त्या खेळाचं काहीतरी करून दाखवा. मला एवढं पुरतं. मी मधल्या दारात उभी राहिले, म्हणजे दोन्ही खोल्यांना दिसावं, आणि ‘वैद्यबुवा आगीत’ हा एकपात्री प्रयोग केला. हाताची घडी, हनुवटी वर, चेहऱ्यावर पालिकेला पत्र लिहिणाऱ्या माणसाचा भाव. सभोवार ज्वाळा. वैद्यबुवा म्हणतात, “ऊब बरी आहे.” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दोघे निवृत्त हसले. दादाही हसला.

पण हसताना त्याने मला शोधलं. मी त्याच्यापासून चार हातांवर डावीकडे उभी होते आणि त्याने अख्खी मान वळवली, मग खांदे वळवले, मग मी सापडल्यावर हसला. मी प्रयोग पुढे चालू ठेवला. नटाला प्रेक्षक हसला एवढंच दिसतं.

वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती तिळगुळाचा डबा भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्यांना कडेचं दिसत नाही, वसू.”

मी काहीतरी विनोदच करणार होते. तोंड उघडलंही होतं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्या बाजूने जास्त. दवाखान्यात एका यंत्रासमोर बसवून ठिपक्याएवढे दिवे दाखवतात आणि दिवा दिसला की बटण दाबायला सांगतात. दादा बराच वेळ बटण न दाबता बसून होता. त्याला वाटलं यंत्र बंद पडलंय. हे सगळं दिवाळीआधीचं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब घालायचे, तेही किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. स्कूटर, वर्तमानपत्र, नदीकाठचं फिरणं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं उलट्या क्रमाने माझ्यासमोरून गेलं. मटारच्या दाण्यांसकट.

“मला का नाही सांगितलं?”

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावलं. “म्हणाले होते, वसू धनुष्य घेईल, शेजारीच उभी असेल, तेव्हा सांगीन तिला खेळता खेळता. मग तू तलवारी घेतल्यास. आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस हं, त्यांना चालायचं नाही.”

बाहेर बायका नावं घेत होत्या. मी पाणी प्यायले, बाहेर गेले आणि वाण घेतलं. प्लास्टिकची चाळणी होती, हे अजून लक्षात आहे.

हंगाम संपायला दोन रविवार उरले होते. तलवारी बदलता येत नव्हत्या. म्हणून मी एवढंच केलं, तलवारींच्या बाईला मागे नेऊन वैद्याच्या डाव्या हाताला उभी केली. राक्षस पन्नास पावलांवर आणि माझ्या तलवारी दोन हातांच्या. भाजी चिरायची सुरी घेऊन गच्चीवर उभं राहावं आणि रस्त्यावरच्या माणसाला धमकवावं, तसं ते ध्यान दिसत असणार.

“ताई, तुम्ही मागं काहून?” अमोलने विचारलं.

खरं सांगता येत नव्हतं. मग मी वय झाल्याचं सोंग घेतलं. बोटं दुखतात म्हटलं, पुढे गेलं की गरगरतं म्हटलं. पोरं पहिल्यांदा हसली, नंतर गप्प झाली, आणि गप्प झाली ते जास्त लागलं. मार देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात खाली गेलं. आयुष्यभर रंगमंचाच्या मध्यभागी धावत गेलेली बाई मी. विंगेत उभं राहून दुसऱ्याला शब्द पुरवायचं काम तोवर दहा-बारा वर्षांच्या मुलींना देत आले होते.

पण शब्द पुरवले. “दादा, उजवीकडे.” “दादा, दोन पावलं मागे.” “दादा, थांब, आता काही नाही.” त्याने एकदाही विचारलं नाही की आजच हे काय. नुसतं ऐकत गेला. मी त्याच्याच घरी, जेवणाच्या टेबलाशी होते. माझा शब्द गेला की भिंतीपलीकडे खुर्ची करकरायची. या वेळी योग्य बाजूला.

शेवटच्या रविवारी राखेचा राजा जवळजवळ मेला. जवळजवळच. त्याच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली होती, आणि घटका संपली. ठरलेल्या वेळात मेला नाही तर तो अख्ख्या मैदानाला आग लावतो. त्यातून सुटका नाही. पडदा नारिंगी झाला आणि आठही जण पडले. माझ्या तलवारी पुढे असत्या तर ते नख उरलं नसतं. हे गणित अमोललाही कळलं होतं. तो भला माणूस, एवढंच म्हणाला, “होते कधी कधी, ताई.” आणि एकेक जण निघून गेला.

दादा बाहेरच्या खोलीत आला. भिंतीला हात लावत. ती सवय मला आजवर दिसली नव्हती. माझ्यासमोर बसला.

“पुढे असतीस तर मेला असता तो.”

“हो.”

“मग मागे काय करत होतीस?”

मी खूप वाक्यं पाठ असलेली बाई आहे. त्यातलं एकही न वापरता म्हटलं, “मागे ऊन चांगलं येत होतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला, नीट, समोरून, जिथून त्याला मी अख्खी दिसत होते. “बरं,” म्हणाला. त्या दिवशी कडी आतून निघाल्याचा आवाज आला. नंतर आम्ही चहा प्यायलो आणि त्याने चहाला नावं ठेवली.

या गोष्टीला वर्ष होत आलं. उरलेलं टिकवायचे थेंब चालू आहेत. घरात मोबाइलचा गजर वाजतो, वहिनी हातातलं काम सोडून येते, तो मान मागे टाकतो. तरी टिकलं नाही फारसं. आता त्याला नळीतून बघितल्याइतकं दिसतं, आणि नळी अरुंद होत चालली आहे. मला त्याचं तोंड दिसतं तेव्हा त्याला माझं नाक दिसत असेल, किंवा एक डोळा. खेळ त्याने पावसाळ्यातच सोडला. कारण विचारलं तर म्हणाला, खेळ बिघडवला कंपनीने. मी मान डोलावली नाही. त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, पण जरा उशिराने.

रविवारी मात्र मी त्याला मांजरीला घेऊन येते. आत्ताही तो शेजारच्या खुर्चीत आहे. नवरा आत झोपला आहे. हवेत जळक्या पाचटाचा वास.

“काय जळतंय?”

“पाचट.”

“यांना दुसरा उद्योग नाही,” दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “निवडलंस का?”

मी निवडलं. धनुष्यावर बोट ठेवलं आणि त्याला सांगितलं. यंदा कुठलं पात्र यादीत वर असेल ते मी पाहिलंही नाही.

चार वाजले. टोळी जमली. अमोलने नवी वैद्य आणली आहे, नागपूरची कुणी मुलगी, चपळ, डोळे तेज. तिला कुणी काही सांगावं लागणार नाही. राक्षस नवा असला तरी जमिनीवर आग पेरायची खोड जुनीच. मी मागे, शहाण्यासारखी, बाण सोडत उभी. वैद्याची जागा माझ्या उजव्या हाताला. तिच्या पायाखाली डावीकडून नारिंगी कड उमटली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या तोंडून गेलं, “दादा, उजवीकडे.”

मुलगी आधीच सरकली होती.

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. दादा उजवीकडे झुकला होता. हात मांडीवर, नजर समोर, पडद्याच्या जरा वर कुठेतरी. मी ‘गेली आग’ म्हणेपर्यंत तो तसाच तिरका बसून राहिला.